आईची फोडणी आणि तुझा माइक

पत्र:

मावशी, मी अमळनेर तालुक्यातली, वय २२, जळगावला जॉब करते, शनिवार-रविवार घरी जाते. दोन महिन्यांपूर्वी मैत्रिणीच्या नादानं एका कॅफेत ओपन माइकला गेले आणि आईवरची कविता बोलले. २०१७ ला बोंडअळीनं कपाशी गेली तेव्हा मी नववीत होते. घरात भाजीला काही नसलं की आई कोरडी कढई तापवायची, त्यात दोन मिरच्या टाकायची न वरून पाण्याचा शिंतोडा मारायची. चर्र आवाज व्हायचा, ठसका उठायचा, म्हणजे भिंतीपलीकडच्या काकूला वाटावं यांच्याकडे पण भाजी झाली. हे मी सगळं बोलले. लोक रडले, एक काका तर पाया पडायला निघाले. आयोजकांनी व्हिडिओ टाकला, तो फिरत फिरत आमच्या भाऊबंदकीच्या ग्रुपवर आला. आता आई "जेवलीस का" एवढंच बोलते. फोडणी टाकताना स्वयंपाकघराचं दार लावून घेते. बाबा म्हणतात घरची गोष्ट चव्हाट्यावर नेली. ओपन माइकवाले म्हणतात खरं सांगायला भीती कसली. त्या रात्री घरी आल्यावर मला एकदम रिकामं वाटलं, चार दिवस झोप नाही. मी हे सगळं बंद करू का? आणि एक, अहिराणीत बोलावं वाटतं पण लोक हसतील. - कढईवाली

कढईवाली पोरी,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, एकदा चहा घेताना आणि एकदा रात्री सगळे झोपल्यावर, आणि दोन्ही वेळा टाळ्या, रडणारे लोक, पाया पडणारे काका हे सगळं ओलांडून एकाच ठिकाणी येऊन अडकले. आई फोडणी टाकताना दार लावून घेते. तू हे जाता जाता लिहून टाकलंयस, पण माझ्या मते तुझं सगळं पत्र तिथंच आहे.

आधी सरळ उत्तर देऊन टाकते नाहीतर खालपर्यंत धाकधूक करत वाचशील. बंद करू नकोस. पण ही कविता आहे तशी परत बोलू नकोस, आईला विचारल्याशिवाय तर अजिबातच नाही. का ते सांगते, जरा लांबेल.

तुझ्या आईनं जे केलं ना ते पण सादरीकरणच होतं गं. माइक नव्हता पण आवाज होता, टायमिंग होतं, आणि प्रेक्षक एकच, भिंतीपलीकडची जाऊबाई. कढई किती तापली की पाणी नुसतं वाफ होऊन न जाता चरचरतं, मिरची कधी टाकली की ठसका पलीकडे पोचतो, हे सगळं तिनं बसवलेलं होतं, आणि रोज दिवेलागणीला प्रयोग. इतका चोख की कुणाला कळलं नाही. आणि तू तो प्रयोग नेमका त्याच एका प्रेक्षकाला फोडून सांगितलास. पुण्या-मुंबईच्या हॉलात बोलली असतीस तर कदाचित चाललं असतं, पण तुमच्या ग्रुपवर कोण आहे? काकू आहे.

तुझे बाबा म्हणतात लाज गेली. मला तसं नाही वाटत. गरिबीची लाज कसली, त्या वर्षी सगळ्या शिवाराची कपाशी गेली होती, लोकांनी उभ्या पिकात रोटाव्हेटर फिरवला, मी डोळ्यांनी बघितलंय. तुझ्या आईनं त्या वाईट वर्षात एक डाव जिंकून ठेवलेला होता आणि तो तू आता तिच्या हातून काढून घेतलास. म्हणून ती दार लावते. आज कढईत खरी वांग्याची भाजी असली, तेल दोन पळ्या असलं तरी पलीकडे चर्र ऐकून कुणीतरी म्हणेल, बघ गं, पाणीच टाकलं असेल. म्हंजे तिची खरी फोडणी पण आता खोटी झाली ना. हे तुझ्या लक्षात आलं नसेल, येण्यासारखं वयही नाही, पण आता आलंय तर विसरू नकोस.

आता लोक का रडले. तुला वाटतंय तू दुःख सांगितलंस म्हणून रडले. तू अख्खी कविता पाठवलीयस, मी ती छापत नाही, छापली तर मी पण ग्रुपवाल्यांच्याच रांगेत. पण सांगते काय दिसलं. पहिल्या वीस ओळींत भुकेचा वणवा आहे, दारिद्र्याचा अंधार आहे, नियतीचे घाव आहेत, तिथं कुणी रडलं नसणार, तिथं लोक मोबाइल बघत असणार. मग कढई येते. कोरडी. मिरच्या दोन. चर्र. तिथं कॅफे गप्प झाला असणार, मी व्हिडिओ न बघता सांगते. आणि मग तू काय केलंस तर परत दहा ओळी समजावत बसलीस की ही फोडणी नव्हती हा स्वाभिमान होता, ही वाफ नव्हती हे अश्रू होते. अगं कशाला? लोकांना कळलं होतं की.

जर्मनीत फ्रँकफर्टला मॅक्स प्लँकची एक संस्था आहे, तिथं लोकांना कविता ऐकवल्या आणि अंगावर काटा नेमका कधी येतो ते कातडीवर कॅमेरा लावून बघितलं, २०१७ मध्ये त्यांचा पेपर आला. काटा जास्त करून यायचा ओळ संपताना, कडवं संपताना, कविता संपताना. म्हणजे बोलणारा गप्प व्हायच्या आसपास. तुझी कविता चर्रला संपायला पाहिजे होती. तू त्या काट्यावर दहा ओळींचं ब्लँकेट टाकलंस.

(आणि राग मानू नको पण तुम्ही सगळी पोरं एकाच चालीत का बोलता? ओळ वर नेऊन सोडायची, मग श्वास, मग शेवटचा शब्द हळू, कुजबुजत. भाचीनं मला वीसेक रील दाखवले, मुलगी वेगळी, दुःख वेगळं, चाल तीच. घरी तू आईला हाक मारतेस त्या आवाजात बोलून बघ.)

आता माझी एक गोष्ट, फार अभिमानाची नाही. मी नोकरीत असताना शिक्षकांच्या एका कथाकथन स्पर्धेत भावाची गोष्ट सांगितली होती. भाऊ तेरा वर्षांचा असताना दोन दिवस गायब झाला आणि भुसावळ स्टेशनवर सापडला. आमच्या घरात ती गोष्ट अशी चालत आलेली की गणितात नापास झाला, माराच्या भीतीनं पळाला, आणि सापडला तेव्हा प्लॅटफॉर्मवर बसून मजेत केळी खात होता. आम्ही यावलकडचे, आमची लेवा बोली, आमच्यात ळ चा य होतो, तर मी त्याची नक्कल करत 'केयी' 'केयी' केलं आणि हॉल लोटपोट. भाऊ तिसऱ्या रांगेत होता, मीच हौसेनं बोलावलेला. मध्येच उठला, मला वाटलं पाणी प्यायला गेला असेल, तो परत आलाच नाही. माझा पहिला नंबर आला. त्या वर्षी भाऊबीजेला तो आला, ओवाळून घेतलं, ताटात पैसे टाकले आणि चहा न घेता गेला. पुढच्या वर्षी आला नाही.

खरं काय होतं ते मला कितीतरी वर्षांनी कळलं, आणि ते पण त्यानं मला नाही सांगितलं, माझ्या पोराला सांगत होता शेतात, केळीला पाणी सोडून बसले होते दोघं, मी मागून भाकरी घेऊन येत होते. आमचे वडील तेव्हा सुरतला मिलमध्ये गेलेले, तीन महिने ना पत्र ना पैसा. हा पोरगा भुसावळला गेला तो सुरतेची गाडी पकडून बापाला आणायला. तिकिटाला पैसे नाहीत, दोनदा गाडीतून उतरवला. केळी एका हमालानं दिली होती, दोन दिवसांत पोटात तेवढंच. आणि घरी आईला घोर लागू नये म्हणून गणिताची गोष्ट त्यानं स्वतःच पसरवली होती. त्याची पण कोरडी कढईच की ती. आणि मी तिच्यावर स्टीलचा डबा बक्षीस घेतला. अजून आहे घरात, मी त्यात काही ठेवत नाही.

मी स्टेजवर खोटं बोलले नव्हते. मला माहीत होतं तेवढं खरंच होतं. तुझं पण तसंच, नववीतल्या पोरीला दाराआडून दिसलं तेवढं खरं. आई ते काकूसाठी करायची हे तुला कुणी सांगितलं? कदाचित बाबांसाठी करत असेल, शेतातून येताना त्यांच्या कानावर घरातली फोडणी पडावी म्हणून. कदाचित तुमच्यासाठीच, पोरांच्या नाकाला वास लागला की कोरडी भाकर दोन घास जास्त जाते. आणि बघ, वर मी पण छातीठोक लिहून गेले की प्रेक्षक एकच. मी तरी कुठं विचारलंय तुझ्या आईला.

ते "खरं सांगायला भीती कसली" म्हणणारे बरोबर आहेत पण अर्धेच. न्यूयॉर्कला १९९७ पासून 'द मॉथ' नावाचे गोष्टींचे कार्यक्रम चालतात, माणूस उभा राहतो, हातात कागद नाही, आणि गोष्ट सांगतो. गोष्ट खरी पाहिजे आणि स्वतःची पाहिजे. पहिलं सगळ्यांना आठवतं. स्लॅमचं, म्हणजे स्टेजवरच्या कवितांच्या स्पर्धेचं, तर विचारू नको, शिकागोला ऐंशीच्या दशकात मार्क स्मिथ नावाच्या बांधकामावर काम केलेल्या माणसानं ते सुरू केलं आणि मार्क द्यायला मुद्दाम प्रेक्षकांतलेच लोक बसवले, पंडित नकोत म्हणून. मला ते फार आवडतं. पण प्रेक्षक काय सांगू शकतो, हललं का नाही हललं. ती गोष्ट सांगायचा हक्क तुझा होता का हे दहापैकी नऊ मार्कांतून कळत नाही.

आपल्याकडच्या बायकांनी ही अडचण माइक यायच्या कितीतरी आधी सोडवून ठेवलीय. पहाटे जात्यावर बसायचं आणि ओवी म्हणायची, सासू पलीकडच्या खोलीत जागीच असायची, तिला अक्षर न् अक्षर ऐकू जायचं, पण ओवी कुणाला सांगितली? जात्याला. भाऊरायाला. नाव कुणाचं नाही. तसंच गुलाबाईचं, भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत पोरी गल्लीत बसून गुलाबाईच्या सासरचे वाभाडे काढतात, कुणाच्या सासूबद्दल चाललंय ते गल्लीला ठाऊक असतं पण पकडणार कशी, गुलाबाई बोलतेय! आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, झोक्यावर पण तेच, झोका जितका वर तितकी तक्रार मोठ्यानं. हा जो आडोसा आहे ना तो भित्रेपणा नाही गं, ती कारागिरी आहे. त्यामुळं सांगणारीला मोकळं होता येतं आणि जिच्याबद्दल आहे तिला ऐकू आलं नाही असं दाखवता येतं. तू आईला ती सोयच ठेवली नाहीस.

बहिणाबाई बघ. असोद्याची पोर, जळगावला दिली, अक्षरओळख नाही, तिशीत कुंकू गेलं, घर भरलेलं, भाऊबंदकी भरलेली. ती काय दुःख सांगायची कमी होती? पण सांगितलं ते चुलीला, जात्याला, नांगराला, पाखराला धरून. तिच्या मुलानं, सोपानदेवांनी, आणि घरातल्यांनी उतरवून ठेवलं म्हणून राहिलं, पुस्तक आलं १९५२ ला, ती गेल्याच्या दुसऱ्या वर्षी. आज विद्यापीठाला तिचं नाव आहे.

ते रिकामं वाटणं आणि झोप न येणं. याचं फार टेन्शन घेऊ नको. अमेरिकेत पेनेबेकर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९८६ मध्ये एक प्रयोग छापला, कॉलेजच्या पोरांना चार दिवस रोज पंधरा मिनिटं आयुष्यातल्या सगळ्यात जड गोष्टीबद्दल लिहायला बसवलं. लिहून उठल्यावर पोरांना आणखी वाईट वाटत होतं, फायदा दिसला तो पुढच्या काही महिन्यांत, दवाखान्याच्या चकरा कमी झाल्या. पण ते लिखाण कुणाला वाचून दाखवायचं नव्हतं, टाळ्या नव्हत्या. तू पहिली पायरी गाळून थेट स्टेजवर गेलीस. तर आता उलटं कर, चार रात्री वहीत लिही, शुद्धलेखन न बघता, आणि फाडून टाक. महिना झाला तरी झोप येत नसेल तर मात्र डॉक्टरकडं जा, कविता हा काही झोपेचा इलाज नाही.

अहिराणीचं. तुझी कविता शुद्ध मराठीत आहे आणि तिथंच ती लंगडते. आई कढईशी बोलली असेल ती काय 'मिरच्या संपल्या आहेत' असं बोलली असेल? प्रिन्स्टनला २०१० मध्ये एक प्रयोग झाला, एका बाईनं मेंदूची छबी काढायच्या मशीनमध्ये पडून आपली खरी गोष्ट सांगितली, मग ती रेकॉर्डिंग दुसऱ्यांना त्याच मशीनमध्ये ऐकवली, तर ऐकणाऱ्यांचा मेंदू सांगणारीच्या मेंदूमागे एक ते तीन सेकंदांनी तसाच चालायला लागला, काही ठिकाणी तर तिच्या पुढं धावला. पण त्यांना न कळणाऱ्या रशियन भाषेत गोष्ट ऐकवली तर ते जुळणं गायब. तू म्हणशील मग अहिराणी पुण्याच्या लोकांना कशी कळेल. ती कविता आधी पुण्याच्या लोकांसाठी नाहीच ना. जिच्या मेंदूशी तुझा मेंदू जुळायला पाहिजे ती घरात दार लावून बसलीय आणि तिची भाषा अहिराणी आहे. हसणारे हसतील, माझ्या भावाच्या 'केयी'वर हॉल हसला तो मी हसवला म्हणून. चेष्टा करायला बोली वापरली तर लोक हसतात, सांगायला वापरली तर ऐकतात, मी दोन्ही बघितलंय.

आता करायचं काय. व्हिडिओ उद्याच काढायला लाव, आयोजकांना फोन कर, आईची तब्येत वगैरे बहाणे नको, मला नको आहे एवढंच सांग. ग्रुपवरचा गेला तो गेला, तिथं खुलासा टाकत बसू नको, खुलाशाला चौदा रिप्लाय येतात. बाबांशी वाद घालू नको.

रविवारी आई स्वयंपाकाला लागली की आत जा आणि दार तूच लाव. माफी मागून भाषण करू नको. लसूण सोलायला घे. आणि म्हण, माय, तू सांग, काय व्हयनं व्हतं. मग गप्प बस. हे तुला जड जाईल, बोलणाऱ्यांना जातं. धुळ्याच्या जेलात १९३२ ला विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे आणि साने गुरुजी ते उतरवून घ्यायचे, अठरा रविवार. गुरुजी केवढे गोष्टी सांगणारे, तुझ्या अमळनेरच्या शाळेतली पोरं त्यांच्या गोष्टींसाठी जीव टाकायची, आणि तो माणूस तिथं मान खाली घालून दुसऱ्याचं लिहीत बसला. तुला एका रविवारी जमेल. पहिल्या रविवारी ती काही बोलणार नाही असं धरून चाल. "कांदे चिर" म्हणेल. चिर.

बोललीच तर मग तुझी कविता तिला ऐकव, स्टेजवाल्या चालीत नको. काढ म्हणाली तर काढून टाक, तुझ्याकडे दुसऱ्या कविता होतील, स्टेज कुठं पळत नाही. जळगावला १९०७ ला कविसंमेलन भरलं तेव्हा धरणगावचा सोळा-सतरा वर्षांचा ठोंबरे उभा राहिला आणि बालकवी होऊन खाली बसला, या गावाला पोरासोरांचं ऐकायची जुनी सवय आहे.

आणि एक माझ्या डोक्यात कालपासून घोळतंय ते सांगून ठेवते. तेलाशिवाय जळणाऱ्या मिरचीचा वास वेगळा असतो. कुठल्याही बाईला कळतो तो, भिंतीपलीकडून पण कळतो. काकूची कपाशी पण त्याच शिवारात होती ना? तिच्या चुलीवर त्या वर्षी काय होतं? मला नाही वाटत तिला काही कळलं नव्हतं. कदाचित तिकडून यायचा तो चर्र पण पाण्याचाच असेल आणि दोघी जावा एकमेकींना रोज ऐकवत असतील. आईला विचारून बघ, तिला नक्की काहीतरी ऐकू आलेलं असणार. असं निघालं तर कविता भिंतीच्या दोन्ही बाजूंनी लिही, आई-काकू अशी नाती न घालता, नुसत्या दोन कढया.

मला कळव काय झालं ते. आणि मिरच्या नक्की दोनच होत्या का ते पण विचार, मला वाटतं ती एकच टाकत असेल.